पोस्टमॉर्टेममध्ये मृत्यूचं कारण नक्की ठरवतात कसं?

पडीक_नील
मंडळी, एक प्रश्न बरेच दिवस डोक्यात घोळतोय. मालिकेतला डॉक्टर चादर वर करतो, दोन सेकंद बघतो आणि सांगतो, "मृत्यू काल रात्री सव्वाअकरा ते साडेअकराच्या दरम्यान. विष." इन्स्पेक्टर मान डोलावतो, जाहिराती लागतात.

नुकताच एक खरा अहवाल वाचायची वेळ आली. (जवळच्या नात्यातला आहे, तपशील पुढे कधीतरी.) चार पानं भरून मोजमापं, प्रत्येक अवयवाचं वजन, आणि कारणाच्या रकान्यात एकच ओळ: "मत राखून ठेवले आहे." शरीर उघडून बघितल्यावरही कळत नाही? मग चार पानं कसली लिहिली? इथे कुणी या क्षेत्रातलं असेल तर समजावून सांगा. गूगलवरचं नको, ते वाचून झालंय आणि झोप उडालीय.

खवचट_खंडू
सगळ्यांच्या मृत्यूचं मूळ कारण एकच. जन्म. धागा बंद करा.

सुरभी_क
खंडूभाऊ, कुठेतरी गंभीर व्हा की.

माझाही एक प्रश्न. शेजारच्या आजोबांच्या दाखल्यावर "हृदयक्रिया बंद पडल्याने मृत्यू" असं लिहिलं होतं. हृदयक्रिया चालू असताना कोण मेलंय आजवर?

डॉ_अबोल
सुरभीताई, दुखरी नस दाबलीत. मी फॉरेन्सिक मेडिसिनमध्ये आहे, टेबलाशी उभं राहून सतरा वर्षं झाली. विद्यार्थ्याने कारणाच्या रकान्यात "हृदयक्रिया बंद" लिहिलं की मी कागद परत देतो. हृदय थांबणं हे मरणाचंच दुसरं नाव झालं, त्याने काही कळलं नाही.

तीन गोष्टी वेगळ्या धरा. कारण म्हणजे ज्या आजारापासून किंवा इजेपासून साखळी सुरू झाली ते. शेवटी शरीरात काय बिघडलं, म्हणजे रक्तस्राव, मेंदूवरचा दाब वगैरे, ही दुसरी गोष्ट. आणि तिसरी म्हणजे प्रकार: नैसर्गिक, अपघात, आत्महत्या, दुसऱ्याच्या हातून, किंवा ठरवता येत नाही. कानशिलाच्या हाडाला आतून चिकटून एक धमनी जाते. तिथे हाड तडकलं की ती फाटते, रक्त साचतं आणि मेंदू दाबला जातो. कारण झालं डोक्याची इजा. पण माणूस जिन्यावरून घसरला की ढकलला गेला, हे ती धमनी सांगत नाही. ते जिना सांगतो, बघणारे सांगतात, अंगावरच्या बाकीच्या खुणा सांगतात.

जागतिक आरोग्य संघटनेने ठरवलेल्या नमुन्यात म्हणूनच कारण पायरीपायरीने लिहायचं असतं. पहिल्या ओळीत थेट कारण, तिच्याखाली ते कशामुळे, त्याच्याखाली तेही कशामुळे. आकडेवारीत साधारणपणे सगळ्यात खालची ओळ मोजली जाते, आणि नेमकी तीच बरेच जण कोरी ठेवतात.

नील, राखून ठेवलेल्या मताबद्दल उद्या लिहितो. आज ड्यूटी आहे.

मनमौजी
"उद्या लिहितो." म्हणजे डॉक्टरांनी इथेही मत राखून ठेवलं. खात्याची परंपरा दिसतेय.

पक्का_गुप्तहेर
कारणाचं माहीत नाही, पण वेळ तर नक्की सांगता येते. तासाला एक अंश तापमान उतरतं. ३७ मधून आत्ताचं तापमान वजा करा, तेवढे तास झाले. शाळेतलं गणित आहे.

डॉ_अबोल
गुप्तहेर, त्या गणितावर कोर्टात उभे राहिलात तर समोरचा वकील तुम्हाला कच्चा खाईल. सुरुवातीचा काही वेळ तापमान जवळपास हलतच नाही. मग उतरतं, पण किती वेगाने? माणूस जाड की काटकुळा, अंगावर गोधडी की ओला शर्ट, फरशीवर की गादीवर, पंखा चालू की बंद, यावर सगळं अवलंबून. आणि मरताना त्याला १०३ ताप असेल तर तुमच्या ३७ चं काय करायचं? हे सगळं धरून हेन्सगे या फॉरेन्सिक तज्ज्ञांनी एक आलेख बनवलाय, तो जगभर वापरतात. त्यातही अगदी चांगल्या परिस्थितीत अलीकडे-पलीकडे २.८ तासांची सूट ठेवावी लागते. म्हणजे साडेपाच तासांची खिडकी झाली. सव्वाअकरा ते साडेअकरा फक्त जाहिरातीच्या सोयीसाठी.

अंग ताठरतं (आम्ही रायगर म्हणतो) कारण स्नायू सैल व्हायलाही ऊर्जा लागते आणि ती संपलेली असते. पापण्या, जबडा अशा लहान स्नायूंत आधी जाणवतं. साधारण बारा तासांत सगळं अंग ताठ, मग हळूहळू सुटतं. उकाड्यात भराभर, थंडीत रेंगाळत. मेल्यावर डोळ्यातल्या द्रवात पोटॅशियम वाढत जातं, तेही मोजतात. पोटातल्या अन्नावरून वेळ काढणं सगळ्यात बेभरवशाचं, कारण माणूस घाबरला किंवा जखमी झाला की पचन थांबतं. यातलं एकटं काहीच पुरत नाही. सगळ्यात उपयोगी पडतं ते "शेवटचा फोन कधी उचलला होता?"

खवचट_खंडू
थोडक्यात, सतरा वर्षांच्या अनुभवानंतर डॉक्टर मोबाइल बघतात.

डॉ_अबोल
पोलिस बघतात, मी त्यांना विचारतो. पण हो.

प्राजक्ता२१
मला वळ आणि जखमांबद्दल विचारायचंय. दूरच्या नात्यात एक बाई गेल्या, तर पाठ जांभळी पडलेली पाहून बायकांमध्ये "मारहाण झाली असणार" अशी कुजबुज सुरू झाली. पुढे पोलिसात तक्रारसुद्धा झाली. अहवालात तसलं काही निघालं नाही, पण कुजबुज आजही थांबलेली नाही. पाठ जांभळी होतेच का सगळ्यांची?

डॉ_अबोल
प्राजक्ता, होते, आणि यावरून घरंच्या घरं भांडताना पाहिली आहेत मी.

रक्त वाहायचं थांबलं की ते वजनाने खाली उतरतं. उताण्या माणसाचं पाठीत, पालथ्याचं छातीत. तासा-दोन तासांत जांभळे डाग दिसू लागतात. आम्ही पीएम स्टेनिंग म्हणतो. गंमत अशी की जिथे शरीर जमिनीवर टेकलेलं असतं, खांद्याची पाती, कुल्ले, टाचा, तिथे रक्त दाबलं जातं आणि कातडी फिकटच राहते. जांभळ्या पाठीवर दोन पांढरे ठसे दिसले की माणूस उताणा होता हे कळतं. आठ-बारा तासांनी डाग पक्के होतात. मग उताण्या सापडलेल्या माणसाचे पक्के डाग छातीवर असतील, तर कुणीतरी त्याला नंतर उलटवलंय.

मार आहे की डाग, हे ठरवायला तिथे एक छोटा छेद घेतात. नुसता डाग असेल तर रक्त अजून वाहिन्यांतच असतं, पाण्याची धार सोडली की धुऊन जातं. मार असेल तर ते वाहिनी फुटून भोवतालच्या मांसात मुरलेलं असतं, कितीही धुवा, जात नाही. विद्यार्थ्यांना मी पहिल्या दिवशी हे करून दाखवतो. नळ चालू करायचा आणि बघत राहायचं.

रंगही बोलतो. गडद जांभळ्याऐवजी चेरीसारखा लालगुलाबी दिसला की पहिला संशय कार्बन मोनॉक्साइडचा, बंद खोलीतली शेगडी किंवा बिघडलेला गिझर. पण थंडीने गारठून गेलेल्याचा किंवा शीतपेटीत ठेवलेल्याचाही गुलाबी दिसतो, म्हणून रक्त तपासल्याशिवाय बोलायचं नाही.

सुरभी_क
ते नळाचं वाचून अंगावर काटा आला आणि पटलंही. पण मग जळालेल्या माणसाचं काय? कातडीच उरली नसेल तर? हात मुठी वळून वर आलेले असतात म्हणे, म्हणजे शेवटी झटापट झाली ना?

डॉ_अबोल
नाही. उष्णतेने स्नायू आखडतात. वाकवणारे स्नायू दणकट, म्हणून कोपरं-गुडघे वाकतात आणि माणूस मुष्टियुद्धाला उभा राहिल्यासारखा दिसतो. आधीच मेलेला माणूस जाळला तरी असाच दिसतो. कातडी फाटते ती चाकूच्या वारासारखी दिसते, कवटीच्या आत रक्ताचा थर जमतो तो माराचा वाटतो. सगळे आगीचेच खेळ.

खरं उत्तर श्वासनळीत असतं. ती उभी चिरायची. स्वरयंत्राच्या खाली, आतल्या ओलसर अस्तरावर काजळी चिकटली असेल तर आग लागली तेव्हा माणूस श्वास घेत होता. नळी स्वच्छ आणि रक्तातही कार्बन मोनॉक्साइड नाही, तर मी पोलिसांना बसायला सांगतो. बोलावं लागणार असतं. (भडका एकदम उडाला तर जिवंत माणसातही हे दोन्ही कमी सापडू शकतं, त्यामुळे इथेही एका खुणेवर भिस्त नाही.)

मनमौजी
आणि पाण्यात बुडालेला? फुप्फुसात पाणी सापडलं की बुडून, एवढं तरी सरळ असेल?

टॉक्सी_माऊ
इतके दिवस वाचनमात्र होते, बुडण्याचं नाव निघालं म्हणून लॉगिन केलं. मी विषतपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते.

मनमौजी, बुडणं हे सरळ निदान मुळीच नाही. मेलेलं शरीर पाण्यात पडलं तरी आत पाणी जातं. तळहात पांढरे सुरकुतलेले दिसले तर शरीर पाण्यात होतं इतकंच कळतं. नाकातोंडाशी बारीक, चिवट फेस, फुगून बरगड्यांचे ठसे उमटलेली फुप्फुसं हे बुडण्याकडे बोट दाखवतात, पण फेस इतर कारणांनीही येतो. डायटम नावाचे सूक्ष्म शैवाल असतात, काचेच्या कवचाचे. बुडताना हृदय चालू असेल तर ते रक्तातून हाडांच्या मगजापर्यंत पोचतात. वाचायला छान, पण या चाचणीवर तज्ज्ञांची भांडणं काही मिटलेली नाहीत. शेवटी बाकी सगळं वगळत वगळत तिथे पोचायचं.

आता नील यांच्या राखून ठेवलेल्या मताबद्दल, कारण बऱ्याचदा ते आमच्यामुळे राखलेलं असतं. व्हिसेरा म्हणजे जठर, आतडं, यकृत, मूत्रपिंड यांचे तुकडे आणि रक्त आमच्याकडे येतं. लोकांना वाटतं यंत्रात घातलं की विषाचं नाव छापून बाहेर येतं. मेल्यावर औषधं यकृतातून, जठरातून आजूबाजूला झिरपतात. हृदयातलं रक्त घेतलं तर साधा रोजचा डोससुद्धा जास्त घेतल्यासारखा दिसू शकतो, म्हणून मांडीच्या शिरेतलं रक्त मागतो. शरीर कुजायला लागलं की जंतू स्वतःच अल्कोहोल तयार करतात. थेंबभर न प्यायलेला माणूस कागदावर दारुडा ठरतो. डोळ्यातला द्रव तपासून ती शंका फेडतो. आणि "विष आढळले नाही" याचा अर्थ जी विषं शोधली ती आढळली नाहीत. काय शोधायचं याचा अंदाज पाठवणाऱ्याने लिहिला नाही तर आम्ही अंधारात. मागे एकदा सगळे तुकडे फॉर्मालिनमध्ये बुडवून पाठवले होते कुणीतरी. सूक्ष्मदर्शकासाठी उत्तम, आमच्यासाठी माती.

ग्रंथकीटक
"काय शोधायचं" वरून आठवलं. १९५७ साली इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डमध्ये केनेथ बार्लो नावाच्या पुरुष नर्सची बायको टबमध्ये मेलेली सापडली. म्हणाला, बुडाली, मी कृत्रिम श्वास देऊन पाहिला. पण तिच्या कोपराच्या खळग्यात अजून पाणी साचलेलं होतं. कृत्रिम श्वास देताना अंग हललं असतं तर ते सांडलं असतं. बाहुल्या प्रचंड विस्फारलेल्या, विष कुठलंच सापडेना. शेवटी शवविच्छेदन करणाऱ्या डॉ. डेव्हिड प्राइस यांनी भिंग घेऊन सगळी कातडी पुन्हा तपासली. कुल्ल्यांवर सुईच्या बारीक खुणा सापडल्या. तिथल्या मांसाचा अर्क उंदरांना टोचला तेव्हा उंदरांची तीच गत झाली जी इन्सुलिनने होते. जन्मठेप झाली त्याला.

खवचट_खंडू
आता या धाग्याला मानलं. उंदीर सोडून सगळं आवडलं.

पक्का_गुप्तहेर
गणितात नापास झालोय, निदान एक चांगली माहिती देतो. अमेरिकेत फ्रान्सिस ग्लेसनर ली या बाईंनी १९४० च्या दशकात मृत्यूच्या जागांच्या छोट्या प्रतिकृती बनवल्या. बाहुल्यांची घरंच, पण आत प्रेत. मोजमाप एकास बारा. दारं उघडतात, बाहुल्यांच्या कातडीचा रंगसुद्धा डॉक्टर वर सांगतायत तसा. पोलिसांना त्यावर निरीक्षण शिकवायचे. बाल्टिमोरमध्ये त्या अजून जपून ठेवल्या आहेत.

काळा_कोट
वकिलीच्या बाजूने दोन शब्द. डॉक्टरांच्या अहवालात "सुसंगत" हा शब्द शोधा. "जखम दाखवलेल्या हत्याराशी सुसंगत आहे" म्हणजे त्या हत्याराने होऊ शकते. त्याच हत्याराने झाली असं नव्हे. एका खटल्यात जखमेची खोली पात्यापेक्षा जास्त भरली म्हणून आम्ही "हत्यार चुकीचं" असं ओरडलो. समोरच्या डॉक्टरीणबाईंनी शांतपणे स्वतःच्या पोटावर मूठ दाबून दाखवली. पोट आत जातं, म्हणून पातं लांबीपेक्षा खोल पोचतं. बसलो खाली.

टॉक्सी_माऊ
हाहा, त्या बाईंना माझा नमस्कार.

पडीक_नील
तीन आठवड्यांनी धागा वर काढतोय. सगळ्यांचे मनापासून आभार. आता सांगतो.

तो अहवाल माझ्या मामांचा आहे. मामी दोन दिवस बहिणीकडे गेली होती, मामा घरी एकटे. न्हाणीघराच्या दारात पडलेले सापडले, डोक्याला मागे जखम. कुणी म्हणालं पाय घसरला, कुणी भलतंच म्हणालं. काल अंतिम मत आलं: हृदयाच्या डाव्या मुख्य धमनीत गुठळी. आता मामेभाऊ म्हणतो, डोक्याला जखम असताना हृदय कसं? आणि पहिल्या दिवशी हृदय उघडलं होतं ना, तेव्हाच का नाही सांगितलं?

डॉ_अबोल
नील, वाईट वाटलं. एकदा लिहून ठेवलं असतंत तर इतकी थट्टा केली नसती आम्ही.

दुसऱ्या प्रश्नाचं आधी. झटक्यानंतर पहिल्या काही तासांत माणूस गेला तर हृदयाचा स्नायू नुसत्या डोळ्यांना बहुतेकदा धडधाकट दिसतो. बदल दिसायला वेळ लागतो आणि तेवढा वेळ माणूस जगलेला नसतो. आम्ही धमन्यांचे दोन-तीन मिलिमीटरवर आडवे काप घेत जातो. जुना चुना साठलेला असेल तर सुरी खडूवर फिरल्यासारखी करकरते. त्यात गुठळी दिसली तरी ती जिवंतपणीची की मेल्यानंतर गोठलेलं रक्त, हे बघावं लागतं. मेल्यानंतरची चकचकीत, लिबलिबीत, सहज ओघळून येणारी. जिवंतपणीची कोरडी, भिंतीला धरून बसलेली. खात्री सूक्ष्मदर्शकाखाली होते. डोक्याला जखम असताना आणि विषाचा अहवाल यायचा असताना त्या दिवशी मत राखलं, ते बरोबरच केलं.

आता डोकं. मागच्या बाजूवर माणूस पडला आणि त्यानेच गेला, तर मेंदू आत हेलकावतो आणि बऱ्याचदा समोरच्या टोकांना, कपाळाच्या बाजूला, ठेचला जातो. स्थिर डोक्यावर कुणी मारलं तर ठेच माराच्या खालीच जास्त. तुमच्या अहवालात मेंदूबद्दल काय लिहिलंय?

पडीक_नील
"कवटी अखंड. मेंदूत वा आवरणाखाली रक्तस्राव नाही." टाळूची जखम तीन सेंटिमीटर, "कडांत रक्त अत्यल्प मुरलेले."

डॉ_अबोल
मग भावाला सांगा, मामा हृदयामुळे पडले आणि पडताना डोकं उंबऱ्याला लागलं, हे या नोंदींशी जुळतं. टाळू फाटली की एरवी भळाभळा रक्त येतं. इथे मुरलेलं रक्त अत्यल्प आहे, म्हणजे जखम झाली तेव्हा रक्ताभिसरण संपतच आलं होतं.

काळा_कोट
आणि भावाला शंका असेल तर त्याने लेखी प्रश्न घेऊन शवविच्छेदन केलेल्या डॉक्टरांना सरळ भेटावं. बहुतेक जण समजावून सांगतात. लोक भेटतच नाहीत, नातेवाइकांच्या ग्रुपवर निकाल लावतात.

पडीक_नील
भावाचं पटेल. मामीचा प्रश्न वेगळाच आहे. तिला कारणाशी घेणंदेणं नाही. ती एकच विचारते, ते किती वेळ तसेच पडून होते? मी असते तर? पहिल्या पोस्टमध्ये सव्वाअकरा-साडेअकराची मजा मीच केली होती, आणि आता तेच विचारतोय.

डॉ_अबोल
घड्याळातली वेळ मी देऊ शकत नाही, ज्यांनी तपासलं तेही देऊ शकणार नाहीत. पण पडल्यावर ते बराच वेळ जिवंत होते का, हा प्रश्न वेगळा आहे आणि त्याचं उत्तर कधीकधी मिळतं. जखम झाल्यावर हृदय चालू असेल तर काही तासांत तिथे पांढऱ्या पेशी जमायला लागतात. जखमेच्या कडेचा तुकडा हिस्टोला (म्हणजे सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीला) पाठवला असेल तर त्याची ओळ शोधा. शेवटच्या पानावर असते, कुणी वाचत नाही.

टॉक्सी_माऊ
"पेशीय प्रतिक्रिया" असा शब्द असेल, नील. तो शोधा.

पडीक_नील
सापडली. "टाळूच्या जखमेच्या कडेचा छेद: ताजा रक्तस्राव. पेशीय प्रतिक्रिया आढळली नाही."

डॉ_अबोल
म्हणजे जखमेनंतर फार वेळ गेला नाही. तासन्‌तास विव्हळत पडले असते तर हे चित्र दिसलं नसतं. मिनिटं की अर्धा तास ते विचारू नका, पण मामीच्या डोक्यात जे चाललंय तसं झालेलं दिसत नाही. हे तुम्ही सांगितलंत तरी चालेल, डॉक्टरांकडून ऐकलं तर त्यांना जास्त पटेल.

पडीक_नील
आत्ताच फोनवर वाचून दाखवलं. दोनदा वाचायला लावलं तिने. "पेशीय" म्हणजे काय विचारलं, सांगितलं. मंगळवारी तिला घेऊन डॉक्टरांना भेटायला जातोय.